साखरेच्या गोडाऊनमधलं टेनिस

उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागला की मला टेनिस आठवतं. हे मी एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलून गेले, तर चित्रकलेच्या सरांनी डबा खाता खाता मान वर करून विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" त्यांचंही चुकलं नाही. पाऊस आणि टेनिस यांचा तसा काही संबंध नाही. पाऊस आला की टेनिस बंद पडतं, एवढंच लोकांना माहीत. पण आमच्याकडे एका वर्षी पाऊस होता म्हणूनच टेनिस झालं होतं, आणि तेही छपराखाली, रोख बक्षिसासाठी खेळणाऱ्या बाहेरगावच्या खेळाडूंचं. कुठे, तर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये.

आता जिल्ह्याचं नाव धाराशिव झालंय आणि मी निवृत्त झालेय. शहरात एकटीच राहते, अधूनमधून भूमच्या एसटीत बसून माहेरी जाते. वाटेत तो कारखाना लागतो. त्याचं नाव सांगत नाही, ते आता कमानीवरही राहिलेलं नाही. चिमणी उभी आहे, कॉलनीत बाभळी उगवल्यात, आणि ते लांबलचक गोडाऊन सोयाबीन साठवायला कुणीतरी घेतलंय. परवा गेले तेव्हा पावसाने झोड उठवली होती. ड्रायव्हरने गाडी कमानीपाशी थांबवली, आणि काचेवर धरलेली वाफ पुसून मी त्या पत्र्यांकडे बघत बसले. शेजारची बाई म्हणाली, "कुणी वळखीचं हाय व्हय तिथं?" मी नाही म्हणाले.

मी चालले होते आप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे. त्यांना यंदाच्या श्रावणापासून अंथरुणातून उठवत नाही. पाय गेले, डोकं मात्र लख्ख आहे. हेच वाईट, असं मला कधी कधी वाटतं. त्यांना माझ्या भावाला, सुधाकरदादाला, एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय त्यांचा जीव सुखाने जायचा नाही. आणि दादा ती ऐकून घ्यायला तयार नाही. आजपासून नव्हे, त्या गोडाऊनमधल्या टेनिसपासून. आप्पा फोनवर मला म्हणतात, "शालू, तू ये. तू असलीस की सुधा उठून जायचा न्हाय." म्हणून मी जाते. जाते आणि तशीच परत येते.

आप्पा त्या कारखान्यात गोडाऊनकीपर होते. साखरेची पोती आत किती आली, बाहेर किती गेली, ओल कुठे लागली, उंदराने कुठे तोंड घातलं, हे सगळं त्यांच्या ताब्यात. आमचं सगळं घर त्या कामाच्या वासाचं होतं. आप्पांचा सदरा धुवायला भिजवला की पाणी चिकट व्हायचं. उन्हाळ्याच्या शेवटी साखर उचलली जायची आणि मग दसऱ्यापर्यंत गोडाऊन रिकामं. त्या दिवसांत कारखाना झोपलेला असायचा. फिटर लोक बॉयलरच्या पोटात शिरून ठाकठोक करायचे, बाकी सगळीकडे शांत. आम्ही कॉलनीतल्या पोरी गोडाऊनच्या दारात उभ्या राहून आत आपलं नाव ओरडायचो. नाव लांब जाऊन, पत्र्याला लागून परत यायचं.

आमचे चेअरमनसाहेब त्या वर्षी परदेशातले साखर कारखाने बघायला गेले होते. कारखाने किती बघितले देव जाणे, टेनिस मात्र बघून आले. छपराखालचं. आल्यावर ते जो भेटेल त्याला सांगत सुटले, "तिकडं टेनिस घरात खेळतेत बगा. पाऊस असो, बर्फ असो, ह्यांचा खेळ चालूच. वर दिवे, खाली गालिचा, आन् खेळायचे पैशे मिळतेत. आपल्याकडं गालिचा नसंल, छप्पर तर हाय की!" झालं. त्यांच्या तोंडून निघालं की ते व्हायचंच. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, हैदराबाद इथल्या क्लबांना पत्रं गेली. बक्षिसाची रक्कम ऐकून खरोखरच खेळाडू आले. कुठल्या कुठल्या क्लबात पगारावर शिकवणारे, वर्षभर बक्षिसांच्या मागे गावोगाव फिरणारे ते लोक होते. लाकडी रॅकेटींचे ते शेवटचे दिवस. एकदोघांकडे लोखंडासारख्या चमकणाऱ्या रॅकेटी होत्या, आणि त्या बघायला गेस्टहाऊसच्या खिडकीशी गर्दी व्हायची.

अडचण जमिनीची होती. गोडाऊनची फरशी पोती ओढून ओढून अशी गुळगुळीत झालेली की चेंडू पडला की घसरत जायचा. कारखान्याच्या क्लबाचं बाहेरचं कोर्ट मुरूम दाबून वर शेणाने सारवलेलं होतं, तसंच आतही करायचं ठरलं. मुरूम कामगारांनी टाकला, रोलर फिरवला, पण सारवण हे काही पुरुषाचं काम नव्हे. कॉलनीतल्या बायकांना बोलावणं गेलं. त्यांच्यात पुढे होती माझी आई. पदर खोचून, गुडघ्यावर बसून त्या सगळ्याजणी एका ओळीत मागे मागे सरकत जायच्या आणि त्यांच्यासमोर हिरवट ओली जमीन पसरत जायची. हाताची अर्धगोल वळणं एकाला एक लागून. मी कॉलेजात शिकत होते, मला त्या कामाची लाज वाटायची, आणि तरी मी बघत उभी राहायचे.

आता बाहेर सारवलं तर ऊन वाळवतं. आत ऊन कुठलं? सारवण दोन दिवस झाले तरी ओलंच. मग बॉयलरवाल्यांनी घमेल्यांत निखारे आणून ठेवले. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, पण जमीन वाळली. पुरती नाही. वरून कोरडी वाटायची, टाच रुतली की खालचा ओलावा कळायचा. आणि फटींत राहिलेल्या साखरेपायी मुंगळे यायचे. खेळाडू सर्व्हिस करायला उभा राहिला की आधी पाय झटकायचा. एक पुण्याचे गृहस्थ तर वासानेच हैराण. नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "हे शेण रोज सारवणार?" आई म्हणाली, "रोज सारवायचं न्हाय तर काय सणासुदीला? उखणतंय की." रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी सारवण, मग दोरी धरून चुन्याच्या रेषा, मग आई कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं ओढायची. सारवलेली जागा तशीच बोडकी कशी ठेवायची? पहिल्या दिवशी चेअरमनसाहेबांनी जाळीच्या खांबाला नारळ फोडला. खोबरं खेळाडूंना वाटलं, त्यांनी ते हातात धरलं आणि कुठे टाकावं हे न कळून इकडेतिकडे बघत राहिले.

हे आठवताना हसू येतं. पण ते फार वेळ टिकत नाही, कारण लगेच पावसाचा आवाज सुरू होतो. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की आत कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. टेनिसमध्ये रेषेवर माणसं बसवतात, चेंडू बाहेर पडला की त्यांनी ओरडून सांगायचं. ओरडून उपयोग नव्हता. म्हणून उसाच्या ट्रॉलीला मागे बांधतात तसली लाल फडकी त्यांना दिली. चेंडू बाहेर गेला की फडकं वर. टेबलावर टेबल ठेवून त्यावर बसलेले सोलापूरचे पंच ते फडकं बघून गुण द्यायचे. रेषेवर बसायला माणसं कुठून आणायची? गोडाऊनचीच. आप्पा मागच्या रेषेवर, एका उलट्या घमेल्यावर, पाठ ताठ करून.

आणि खेळणाऱ्यांत एक आमचा होता. माझा दादा, सुधाकर. धारवाडकडचे चीफ केमिस्ट आमच्या कारखान्यात होते, त्यांना संध्याकाळी खेळायला जोडीदार मिळेना म्हणून त्यांनी दादाला शिकवलं होतं. चार वर्षांत दादा असा खेळायला लागला की केमिस्टसाहेब स्वतः बाकावर बसून त्याला नुसते बघायचे. पदवी झाली होती, नोकरी नव्हती, आणि अंगात ते टेनिस. त्याला यजमान म्हणून त्या स्पर्धेत घेतलं. यजमानाने पहिल्या दिवशी हरून बाकीच्यांना चहा द्यायचा असतो, अशी सगळ्यांची समजूत होती. दादाने पहिल्या दिवशी कोल्हापूरचा एकजण हरवला. दुसऱ्या दिवशी त्या चमकत्या रॅकेटवाल्यांतल्या एकाला हरवलं. त्या संध्याकाळी नाकाला रुमाल लावणारे पुण्याचे गृहस्थ आमच्या घरी आले. ते एका मोठ्या क्लबाचे सेक्रेटरी होते. रुमाल खिशात घालून त्यांनी आईने दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "उद्याचा सामना जिंकला तर मी याला घेऊन जातो. क्लबात पगार, राहायला खोली, बाहेरच्या स्पर्धांचा खर्च आमचा. हरला तर कमिटीला मला काही सांगता यायचं नाही." आप्पा नुसते मान हलवत होते. आईने आत येऊन मला चिमटा काढला. इतकी आनंदात होती ती.

आप्पा सकाळी चेअरमनसाहेबांकडे गेले होते, हे मला नंतर कळलं. म्हणाले, "सायेब, आज पोराचा सामना हाय, मला रेषेवरून उठवा." चेअरमनसाहेब हसले आणि चारचौघांत म्हणाले, "तुमच्यापेक्षा सरळ माणूस ह्या कारखान्यात कोण हाय, सांगा बरं?"  आप्पा परत येऊन घमेल्यावर बसले. मला त्या चेअरमनचा आजही राग येतो. ज्याला सरळ म्हणवून घ्यायला आवडतं त्या माणसाला असं सगळ्यांसमोर सरळ म्हणू नये. मग तो वाकडा होतो, फक्त उलट्या बाजूला.

समोर हैदराबादचा खेळाडू होता. उंच, हसरा, दाढी राखलेला. बारदानाच्या थप्प्यांवर सगळी कॉलनी बसलेली, येडशीच्या स्टेशनवरचे बाबू सुट्टी टाकून आलेले, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी डोक्याला पोत्याची खोळ घेऊन दारात. टेनिसमधलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण दादा चेंडू मारायला धावला की सगळे पुढे झुकायचे. मी दुसऱ्या टोकाला होते, आईजवळ. दादाच्या गालावर शेणाचा पट्टा उमटलेला मला दिसत होता. तिसरा सेट आला तेव्हा पाऊस इतका जोरात पडत होता की चेंडूचा आवाजही ऐकू येत नव्हता. नुसती माणसं हलत होती.

तेवढ्यात आप्पांच्या मागे बसलेलं कुणीतरी बोललं. आप्पांनी ते मला कित्येक वर्षांनी सांगितलं. मागून, कानाजवळ तोंड आणून: "बापच रेषेवर बसलाय, मग पोराला काय कमी हाय!" बोलणारा कोण ते आप्पांनी वळून बघितलं नाही. त्यानंतर जो गुण आला तो मिळाला असता तर सामना दादाचा होता. दादाने लांबचा, उंच चेंडू टाकला, हैदराबादवाल्याच्या डोक्यावरून. तो मागे धावला, पोचला नाही. चेंडू मागच्या रेषेवर उतरला आणि लाल फडकं वर गेलं.

थप्प्यांवर पुढे झुकलेली माणसं मागे सरली. हैदराबादवाला मात्र तिथंच उभा राहिला, खाली जमिनीकडे बघत. चेंडू पडला की त्या ओलसर सारवणावर ठसा उमटायचा, आणि शंका आली की पंच खाली उतरून तो बघत असत. नियमच होता तसा, आणि ठसा रेषेला नुसता लागलेला असला तरी चेंडू आतच धरायचा. गुण आपल्याला मिळत असूनही हैदराबादवाल्याने स्वतः रॅकेटने ठशाकडे खूण केली. पुढे येऊन जाळीवरून ओरडून दादाला म्हणाला, "मियाँ, निशान देख लेव." पंच टेबलावरून उतरायला लागले होते. दादाने आप्पांकडे एकदा बघितलं. आप्पा समोर बघत होते, फडकं तसंच वर. मग दादा म्हणाला, "नक्को. वालिद बोले ना आऊट, तो आऊट." हे मला ऐकू आलं नाही, जाळीजवळच्या लोकांनी सांगितलं. पण दादाने मान हलवलेली मला दिसली. पंच परत वर चढून बसले.

आमच्याकडे बापाचा शब्द तपासायला पोरगा चार माणसांत खाली वाकत नाही. मलाही त्या वेळी दादाचं ते वागणं फार थोर वाटलं होतं. माझे डोळे भरून आले होते, गर्वाने. कॉलनीतल्या बायका आईला म्हणाल्या, "पोरगं असावं तर असं." त्यानंतरचे गुण दादाने कसे गमावले ते कुणी नीट बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळात सामना संपला. पुण्याचे सेक्रेटरी आप्पांच्या हातात हात देऊन "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता" असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना बघून आपल्या गाडीने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं सारवण होतं. हे आईने मला माझ्या पहिल्या बाळंतपणात सांगितलं, मला न्हाऊ घालता घालता. तिने ठरवून ती मागची रेष आपल्याकडे घेतली होती. बाकीच्याजणी सरकत गेल्या, ती तिथं थांबली. ठसा होता. अर्धा चुन्यात, अर्धा आत, चुना कडेने फुटून उडालेला. "चेंडू रेषेवरच पडला व्हता गं," आई म्हणाली. "टेनिस मला कळत न्हाय, पण सारवणावरचा डाग मला कळत न्हाय व्हय?" मी विचारलं, मग तू कुणाला दाखवलं का नाहीस? तिने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मग म्हणाली, "कुणाला दाखवू? नवऱ्याला खोटं पाडू का पोराला रडवू? हात फिरवला त्येच्यावरनं."

म्हणजे आईला माहीत होतं. आप्पांना तर माहीत होतंच. त्यांनी मला सांगितलं ते आई गेल्यानंतर. दादा बाहेर मांडववाल्याचं बघत होता, आणि आप्पा भिंतीला टेकून बसले होते. "शालू, चेंडू पडायच्या आधीच माजा हात वर गेला. म्या ठरवलं नव्हतं गं. तो मागचा बोलला आन् हातच गेला. गेल्यावर चेंडू पडला, आन् चुना उडाल्याला दिसला मला. मग हात खाली कसा घेऊ? लोकं म्हणली असती, पोरासाठी फिरवला." मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर आप्पांनी शांतपणे चेंडू पडू दिला असता, नीट बघितलं असतं, आणि खरं तेच सांगितलं असतं. न्याय सगळ्यांना मिळाला असता, फक्त स्वतःच्या पोराला मिळाला नाही. याला सरळपणा म्हणायचं? मी शिक्षिका होते, माझा मुलगा माझ्याच शाळेत होता. त्याचा पेपर माझ्यापुढे आला की मी तो दुसऱ्या बाईंना तपासायला द्यायचे. लोकांना वाटायचं, बाई काटेकोर आहेत. मला फक्त माझ्या हाताची भीती वाटायची.

दादा त्यानंतर कारखान्यातच चिटबॉय म्हणून लागला. ऊस तोडायची पाळी कुणाची, याच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांना नेऊन द्यायचं काम. मोटारसायकलवरून चिखल तुडवत गावोगाव. पुढे शेतकी खात्यात बढती झाली, लग्न झालं, मुलं झाली, कारखाना बंद पडला, मग शेती. रॅकेट माळ्यावर होती, तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्याने कधी तक्रार केली नाही. चारचौघांत कुणी जुनी आठवण काढलीच तर तो हसून म्हणायचा, "जरासा लांब गेला चेंडू. आऊट व्हता." आणि आप्पा तिथे असले तर मान खाली घालून सुपारी कातरत राहायचे.

आप्पांनी सांगायचा प्रयत्न किती वेळा केला असेल! दादाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी केला. आईच्या तेराव्याला केला. "सुधा, त्या दिवशी गोडाऊनात..." एवढं बोलले की दादाला काहीतरी काम आठवायचं. बैल सुटला, मोटर बंद करायची राहिली, कुणीतरी हाक मारली. मला वाटायचं, दादाला कळत नसेल. मग वाटायला लागलं की त्याला सगळं कळतं आणि तो म्हाताऱ्याला मुद्दाम तळमळत ठेवतो. असा विचार आला की मला त्याच्यासमोर जेवण जायचं नाही. कारण त्याच्याइतकी आप्पांची सेवा कुणी करत नाही. वहिनी म्हणतात, "मला करूच देत न्हाईत. समदं आपल्या हातानं." नखं कापण्यापासून सगळं. जो माणूस इतकं करतो तो इतका निष्ठुर असेल का, आणि जो निष्ठुर नाही तो एवढी एक गोष्ट ऐकून का घेत नाही, हे मला सुटायचं नाही. एसटीत बसले की मी हेच घोळवत बसायचे.

परवा मी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. दादा आप्पांना उशीला टेकवून पेज भरवत होता. मी पायाशी बसले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाचं मनगट धरलं. चमचा त्याच्या हातातच राहिला. मनगट त्यांनी असं धरलं होतं की उठता येऊ नये.

"सुधा, चेंडू आत व्हता."

दादाने दुसऱ्या हातातली वाटी खाली ठेवली.

"रेषेवर पडला व्हता. चुना उडाल्याला म्या बघितला. माजा हात आधीच गेला रं. म्या तुजं..."

"आऊट व्हता, आप्पा."

"न्हाय रं. तुला सांगायलोय ना म्या? म्याच फडकं वर केलं, मला म्हाईत न्हाय व्हय?"

"आत असता तर म्या तवाच जाऊन ठसा बघितला असता," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा, शेतावरचं काही सांगावं तसा. "बघितला का? न्हाय बघितला. मग? आऊटच व्हता. तुमी बरोबर दिला. पेज गार व्हायली, घ्या."

मला वाटलं होतं, आप्पांना बरं वाटेल. पोराने शेवटी ऐकलं तरी. तसं काही झालं नाही. त्यांनी दादाचं मनगट सोडलं, एक चमचा पेज घेतली आणि दुसऱ्या चमच्याला तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. दादाने ते उपरण्याच्या टोकाने टिपलं आणि वाटी घेऊन बाहेर आला.

मी त्याच्यामागे ओट्यावर आले. माझा तोल सुटला. म्हणाले, "अरे, माणूस चाललाय. एकदा म्हण ना, व्हय आप्पा, आत होता म्हणून. तुझं काय जातं? तुलाही माहीत आहे ते. त्या हैदराबादवाल्याला दिसलं, आईला दिसलं, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की," दादा म्हणाला.

तो वाटी विसळत होता. विसळून झाल्यावरही विसळत राहिला.

"चेंडू हातातून सुटला तवाच कळतंय शालू, आत पडणार का भायेर. ठसा बघायची गरज नव्हती मला."

"मग?"

"आत व्हता म्हणलं, तर मला त्येंना माफ करावं लागंल." त्याने माझ्याकडे बघितलं. पासष्टी ओलांडलेला माझा भाऊ, दाढीचे खुंट पांढरे, आणि चेहरा असा की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. "ते मला जमत न्हाय गं. लई बघितलं करून. चिठ्ठ्या वाटत हिंडायचो तवा, पोरं झाली तवा, आई गेली तवा. न्हाय जमत. आऊट व्हता म्हणलं की मग समदं जमतंय. आंघोळ घालता येती, पाय चेपता येतेत, उचलून उन्हात बसवता येतंय. आत व्हता म्हणलो, तर उद्या ह्या हातानं त्येंना भरवू कसं?"

 इतकी वर्षं मी समजत होते की एकजण सांगू बघतोय आणि दुसरा ऐकत नाही.

आतून आप्पांचा आवाज आला, "सुधा."

"आलो, आप्पा." दादाने चुलीवरचं आंघोळीचं पाणी बादलीत ओतलं, बोट घालून बघितलं, थंड पाणी मिसळलं आणि आत गेला. मी ओट्यावरच बसून राहिले. आत पाटावर पाणी पडल्याचा आवाज आला.

"लई कढत हाय रं," आप्पा म्हणाले.

गार पाणी ओतल्याचा आवाज आला, मग दादा म्हणाला, "आता बगा."

"आता बरं हाय."